टुंड्रातल्या लहान तळ्यावर ग्रेलिंग आणि व्हाइटफिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की बर्फावरच्या मासेमारीचे प्रश्न येऊ लागतात आणि जून लागला की उघड्या पाण्याचे. विचारणारी बहुतेक हेलसिंकी, एस्पो, ओउलू इथे नोकरीला आलेली मराठी मंडळी असतात. काही जण कोकणातले आणि लहानपणापासून गरवण्याचा नाद असलेले, तर काहींनी हातात कधी गरी धरलेली नसते. खालची सगळी उत्तरं फिनलंडच्या वायव्य टोकासाठी, म्हणजे एनोन्तेकिओमधल्या किल्पिसयार्वी गावाच्या वर पसरलेल्या, झाडं संपल्यानंतरच्या उघड्या डोंगरपठारांवरच्या लहान तळ्यांसाठी आहेत. दुसरीकडे जाणार असाल तर नियमांची उत्तरं तशीच्या तशी लावू नका.

१. ग्रेलिंग आणि व्हाइटफिश हे नेमके कोणते मासे? आपल्याकडच्या कशासारखे?

दोघेही सॅमनच्या कुळातले, थंड आणि स्वच्छ पाण्यातले. आपल्याकडे त्यांचं जवळचं कुणी नाही, त्यामुळे पापलेट-सुरमईशी तुलना करत बसू नका. ग्रेलिंगची खूण म्हणजे पाठीवरचा मोठा, शिडासारखा उभा राहणारा पर. नराचा जास्त मोठा, त्यावर जांभळट-तांबूस ठिपके. व्हाइटफिश रुपेरी, अंगाने साधा, तोंड लहान आणि खालच्या बाजूला झुकलेलं. दोघांच्याही पाठीवरच्या पराच्या मागे, शेपटीजवळ, एक छोटा मांसल पर असतो. परवान्याच्या कागदांवर ग्रेलिंगला ‘हार्युस’ आणि व्हाइटफिशला ‘सीका’ लिहिलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा. गावातले लोक ग्रेलिंगला नुसतं ‘हार्री’ म्हणतात.

२. लहान तळं आणि मोठं सरोवर, मासे तर तेच. मग फरक काय?

फरक हिशेबाचा आहे. ही तळी वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली असतात. माशाला खाऊन वाढायला जेमतेम उन्हाळा मिळतो. दक्षिणेत दोन-तीन वर्षांत होणारी वाढ इथे त्याहून कितीतरी सावकाश होते, आणि ताटात मावेल एवढा ग्रेलिंग बऱ्याचदा सहा-सात वर्षांचा असतो. काही हेक्टरांच्या तळ्यात असे मोठे मासे मोजकेच. चार उत्साही मित्र तंबू ठोकून आठवडाभर बसले तर त्यांतले बरेचसे उचलू शकतात, आणि ती जागा भरून यायला वर्षं लागतात. इनारीसारख्या अफाट सरोवरात तेच चार मित्र येऊन गेलेले कुणाला कळणारही नाही.

३. हंगाम नेमका कधी?

कॅलेंडरपेक्षा बर्फ महत्त्वाचा. किल्पिसयार्वी हे मोठं सरोवर समुद्रसपाटीपासून ४७३ मीटरवर आहे आणि त्याचा बर्फ साधारण जूनच्या मध्याच्या सुमारास जातो. त्याच्या वरची तळी अजून उंचावर. काही ठिकाणी जुलै उजाडला तरी सावलीच्या बाजूला बर्फाचा तुकडा तरंगत असतो. सुट्टी आधीच टाकायची असेल तर जुलैचा दुसरा आठवडा धरा.

बर्फ फुटला की ग्रेलिंग अंडी घालतो, बहुतेक वेळा तळ्यात येणाऱ्या किंवा तळ्यातून जाणाऱ्या ओढ्यात, वाळू-खड्यांवर. त्या वेळी ओढ्याच्या तोंडाशी तो दाटीने सापडतो आणि पकडणं फार सोपं जातं. नेमकं म्हणूनच तिथे गळ टाकू नये, नियमात बसत असलं तरी. अंडी घालून झाली की तो उपाशी असतो आणि तळ्यात परत येऊन काठाने चरू लागतो. खरा हंगाम इथून सुरू होतो: जुलै आणि ऑगस्ट. पाण्यावर किडे, माशा, चिलटं उतरतात आणि ग्रेलिंग पृष्ठभागावर येऊन त्यांना टिपतो. व्हाइटफिशही शांत रात्री वर येतो, पण त्याचं खाणं इतकं हळुवार असतं की पाण्यावर नुसतं वर्तुळ दिसतं.

ऑगस्टच्या अखेरीस पहिली थंडी पडते, डास संपतात, खुज्या बर्चची पानं तांबूस होऊ लागतात. माझ्या मते वर्षातला सगळ्यात चांगला काळ हाच, जुलैपेक्षाही. सप्टेंबरमध्ये ग्रेलिंग खोल पाण्याकडे सरकतो. व्हाइटफिशचं उलटं: तो शरद ऋतूत, पाणी अगदी गार झाल्यावर अंडी घालतो आणि त्यासाठी उथळ खडकाळ काठाला येतो. गाबोळी हवी असणारे स्थानिक लोक याच काळात जाळी लावतात.

त्यानंतर तळी गोठतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही आणि हौशी माणसाने तिथे जाण्यात काही अर्थ नाही. दुसरा हंगाम एप्रिल आणि मेच्या सुरुवातीचा, बर्फावरचा. त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

४. परवाना कोणता लागतो?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली, सरकारी मत्स्यव्यवस्थापन शुल्क, फिनिशमध्ये ‘कालास्तोनहोइतोमाक्सु’. १८ ते ६९ वयाच्या, रीळ लावलेल्या गळाने मासे धरणाऱ्या प्रत्येकाला ते भरावं लागतं, मग नागरिकत्व कुठलंही असो. दिवसाचं, आठवड्याचं किंवा वर्षाचं भरता येतं. दुसरी, क्षेत्राचा परवाना. इथली बहुतेक जमीन आणि पाणी सरकारचं आहे आणि ते ‘मेत्साहालितुस’ हे वनखातं सांभाळतं. तेच ऑनलाइन परवाने विकतं.

शुल्क भरल्यावर तळ्याच्या स्थिर पाण्यात एका गळाने मासेमारी करता येते, पण सॅमन आणि व्हाइटफिश येणाऱ्या प्रवाहांच्या वाहत्या भागात, खळाळत्या पाण्यात ते पुरत नाही. आता गंमत अशी की लहान तळ्यावर चांगल्या जागा नेमक्या तिथेच, ओढा आत येतो किंवा बाहेर पडतो तिथे. म्हणून दोन्ही घ्या. तपासनीस फिरत असतात, आणि ‘मी तळ्यात उभा होतो, ओढ्यात नाही’ हा वाद दंडाच्या पावतीसमोर टिकत नाही.

५. साध्या गळाला पैसे पडत नाहीत असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, पण तपशील पाहा. रीळ नसलेली साधी काठी, तंगूस, एक गरी आणि आमिष, एवढ्याने मासे धरणं फिनलंडमध्ये सर्वांना मोकळं आहे. बर्फाला भोक पाडून छोट्या हातगळाने धरणंही तसंच. रीळ लावलं किंवा चमचा, फिरकी असं कृत्रिम आमिष फेकायला लागलात की तुम्ही प्रश्न ४ मध्ये गेलात. वाहत्या पाण्याचा अपवाद इथेही लागू आहे. शिवाय काही तळी पूर्ण बंद ठेवलेली असतात (प्रश्न १५). गावाला लागून असलेल्या माल्ला या राखीव निसर्गक्षेत्रात तर पायवाट सोडायलाच मनाई आहे, तिथे गळाचा विचारही नको.

६. सामान काय घ्यावं? कमीत कमी सांगा.

एक हलका गळ, एक छोटं रीळ, ०.१८ मिलिमीटरच्या आसपासचं तंगूस, तीन ते सात ग्रॅमच्या दोन-तीन फिरक्या. फ्लाय फिशिंग (हलकी बनावट माशी खास काठीने पाण्यावर टाकण्याची पद्धत) येत असेल तर पाच नंबरची काठी पुरे. येत नसेल तर इथली जुनी युक्ती वापरा: पाणी भरता येईल असा पारदर्शक प्लॅस्टिकचा तरंगता गोळा घ्यायचा, त्याच्या पुढे दीड-दोन मीटर बारीक तंगूस आणि टोकाला छोटी बनावट माशी. गोळ्याच्या वजनामुळे साध्या गळानेही माशी लांब जाते. ग्रेलिंगसाठी १२ ते १६ नंबरच्या माश्या, व्हाइटफिशसाठी त्याहून बारीक. रंगाची चिंता करू नका. काळी, तपकिरी, करडी एवढ्यात काम भागतं.

लांब पकड, मोजपट्टी, माशाच्या डोक्यात मारायला छोटा दांडका आणि धारदार सुरी विसरू नका. गरीची उलटी नांगी पकडीने दाबून टाका. का, ते प्रश्न ११ मध्ये.

७. तळ्यात मासा शोधायचा कुठे? सगळीकडे पाणी सारखंच दिसतं.

आधी अर्धा तास गळ बाजूला ठेवा आणि काठावर बसून पाहा. ओढा आत येतो तिथे खाणं वाहत येतं. ओढा बाहेर पडतो तिथे तळ्याचं सगळं खाणं अरुंद जागेतून जातं, म्हणून ग्रेलिंग तिथे रांगेत उभा असतो. वारा असेल तर वारा ज्या काठावर आपटतो तो काठ धरा. आपल्याला बोचतो, पण किडे तिकडेच गोळा होतात. उथळ पाण्याचा फिकट रंग संपून गडद रंग सुरू होतो ती रेषा व्हाइटफिशची. वारा पूर्ण पडला आणि पाण्याची काच झाली की सावलीसुद्धा पडू देऊ नका. या पाण्यात तळाचा दगडन् दगड दिसतो, म्हणजे माशाला तुम्हीही दिसता.

आणि पाण्यात उतरायची घाई करू नका. ग्रेलिंग पुष्कळदा गुडघाभर पाण्यात, काठापासून चार पावलांवर असतो. नवीन माणूस त्याच्यावर पाय देत पुढे जातो आणि मग मधल्या रिकाम्या पाण्यात तासभर गळ फेकतो.

८. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मग मासा खातो केव्हा?

मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे रात्र होत नाही, पण सूर्य खाली उतरतो, वारा पडतो आणि हवा गार होते. रात्री दहा ते पहाटे तीन हा काळ बहुधा सर्वांत चांगला, विशेषतः व्हाइटफिशसाठी. भर दुपारी ऊन असेल तर झोपा. ढगाळ, उबदार, किंचित वाऱ्याचा दिवस असेल तर मात्र ग्रेलिंग दिवसभर खातो. ऑगस्टमध्ये खरी रात्र परत येते आणि संध्याकाळ महत्त्वाची ठरते.

९. बर्फावरून मासेमारी सुरक्षित आहे का? बर्फ किती जाड हवा?

चालणाऱ्या एका माणसासाठी कडक, निळसर, नव्या बर्फाची जाडी कमीत कमी पाच सेंटिमीटर हवी असं फिनलंडमध्ये सांगतात. एप्रिलमध्ये या तळ्यांवर अर्ध्या मीटरहून जाड बर्फ असतो, तेव्हा जाडीची काळजी नसते. काळजी दोन गोष्टींची. एक, ओढ्याच्या तोंडाशी आणि बाहेर पडण्याच्या जागी भर हिवाळ्यातही बर्फ पातळ असतो. उन्हाळ्यातली उत्तम जागा बर्फावर सर्वांत वाईट. दोन, मेच्या उन्हाने बर्फ उभ्या सुयांसारखा सुटा होत जातो. अशा वेळी वीस सेंटिमीटर जाड बर्फही पायाखाली फुटू शकतो. त्यामुळे मोसमाच्या शेवटी जाडी मोजून निर्धास्त होऊ नका.

गळ्यात ‘नास्कालित’ अडकवा, म्हणजे दोन टोकदार हाताच्या सुया. पाण्यात पडलात तर बर्फात रोवून स्वतःला बाहेर ओढता येतं. गावातल्या दुकानात सहज मिळतात. पिशवीत ठेवलेल्या सुयांचा उपयोग नाही, त्या बाहेर, हाताशी हव्यात.

मासेमारीची पद्धत सोपी: हाताच्या गिरमिटाने भोक पाडा, गळ तळाला टेकवा, थोडा वर घ्या, हलवा, थांबा. गरीला एक-दोन पांढऱ्या अळ्या लावा. व्हाइटफिश थांबलेलं आमिष घेतो, त्यामुळे सारखं हलवत राहणाऱ्याला काही मिळत नाही.

१०. व्हाइटफिश लागतो आणि काठाला येता येता सुटतो. दर वेळी. का?

तोंड. व्हाइटफिशचे ओठ पातळ, नाजूक असतात आणि ओढाताण केली की गरी फाडून बाहेर येते. कोकणात खडकावरून गरवताना हिसका देऊन मासा बाहेर काढायची सवय लागलेली असते, ती इथे आड येते. हिसका नको, मासा लागला की गळ नुसता उचलून ताण धरा, रिळाचा ब्रेक सैल ठेवा, त्याला दोन-तीनदा पळू द्या. आणि वर उचलू नका, हातजाळ्यात घ्या. ग्रेलिंगचं तोंड जरा घट्ट असतं, पण तो अंगाला पीळ देत गोल फिरतो आणि त्यात सुटतो.

११. पकडून सोडून दिलेला मासा जगतो का?

पाणी गार असेल आणि तुम्ही पटकन सोडला तर बहुतेक जगतो. नांगी दाबलेली गरी, ओले हात, मासा पाण्यातच ठेवून गरी काढणं, एवढं पाळा. फोटोसाठी वर धरून उभं राहणं मासे मारतं. जुलैच्या उष्ण आठवड्यात उथळ तळ्यांचं पाणी तापतं, तेव्हा ग्रेलिंग थकलेला असतो. अशा दिवशी धरून-सोडून खेळण्यापेक्षा जेवणापुरते धरून थांबावं. व्हाइटफिशचे खवले हाताला लगेच सुटतात आणि तो सोडल्यावर ग्रेलिंगपेक्षा जास्त दगावतो. गरी खोल गिळली असेल तर ओढू नका, तंगूस कापा.

१२. किती मासे घ्यावेत? मर्यादा काय?

कायदा आधी: ६७ अंश उत्तरेच्या वर ग्रेलिंगची किमान लांबी ३० सेंटिमीटर, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत. त्याहून लहान असेल तर तो जिवंत असो वा मेलेला, परत पाण्यात. दिवसाला किती, हे क्षेत्राच्या परवान्यावर लिहिलेलं असतं.

आता माझं मत. या दोन माशांना एकच नियम लावणं चूक आहे. मासे कमी घ्यावेत हे ग्रेलिंगच्या बाबतीत खरं, आणि मोठ्या ग्रेलिंगच्या बाबतीत सगळ्यांत जास्त खरं; ४० सेंटिमीटरच्या वरचे परत सोडा, तेच पुढची पिढी घडवतात. व्हाइटफिशची गोष्ट निराळी. लहान तळ्यात त्यांची संख्या वाढली की खाणं सगळ्यांत वाटलं जातं आणि मासे खुजे राहतात. पंचवीस सेंटिमीटरचे, डोकं मोठं आणि अंग बारीक असे व्हाइटफिश एकामागून एक लागत असतील तर खुशाल घ्या, तळ्याचं भलंच होईल. एका तळ्यावर ग्रेलिंगला हात आखडता आणि व्हाइटफिशला सैल, असं दोन्ही एकाच दिवशी करता येतं. मात्र मोठे, धष्टपुष्ट व्हाइटफिश मिळत असतील तर त्या तळ्यात गर्दी नाही हे समजा आणि तिथेही आवरा.

१३. एकाच सरोवरातले व्हाइटफिश इतके वेगळे का दिसतात? दोन जाती आहेत का?

जात एक, रूपं अनेक. कल्ला उचलून पाहा: आतल्या कमानीवर कंगव्यासारखे दाते असतात. तळाचे किडे-गोगलगाई खाणाऱ्यांचे दाते कमी आणि विरळ, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्यांचे जास्त आणि दाट. इनारीजवळच्या मुद्दुसयार्वी या सरोवरात अशी तीन रूपं शेजारी शेजारी राहतात आणि संशोधकांनी त्यांचा बराच अभ्यास केला आहे. दाट दात्यांचं छोटं रूप म्हणजे ‘रेएस्का’. किल्पिसयार्वीत मात्र एकच रूप आहे, विरळ दात्यांचं मोठं.

१४. आतड्यावर पांढऱ्या गाठी दिसल्या. मासा फेकून द्यावा का?

नाही. व्हाइटफिशच्या जठराच्या बाहेर मोत्यासारखे पांढरे दाणे दिसतात, ते पट्टकृमीच्या अळ्यांचे कोश. या कृमींचं प्रौढ रूप मुख्यतः कुरव आणि इतर मासेखाऊ पक्ष्यांत राहतं. मासा पकडल्या पकडल्या साफ करा, आतडी लगेच काढा, आणि पूर्ण शिजवा. शिजवलेल्या माशाला धोका नाही. कच्चा किंवा नुसता मिठात मुरवलेला खायचा असेल (प्रश्न १६) तर आधी उणे १८ अंशांना आठवडाभर गोठवा. मांसातच दुधट द्रव भरलेल्या गाठी असतील तर तो दुसरा कृमी, पाइक माशात वाढणारा. माणसाला तो होत नाही, पण मासा किळसवाणा दिसतो. जिथे पाइक पोचलेलाच नाही अशा उंचावरच्या तळ्यांत तो सापडत नाही.

१५. ट्राउट किंवा चार (सॅमनच्याच कुळातला ‘आर्क्टिक चार’ हा मासा) लागला तर?

त्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, परवान्यासोबतची माहिती वाचल्याशिवाय ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये किल्पिसयार्वीकडे जी गर्दी होते ती मुख्यतः चारसाठीच, स्थानिक भाषेत ‘राउतु’. चारची काही तळी त्यामुळेच बंद आहेत किंवा तिथे वेगळा परवाना लागतो. नकाशावर तळ्याचं नाव तपासा. ग्रेलिंग धरायला आलो होतो, हे तिथे कारण होत नाही.

१६. शिजवायचा कसा? आपल्या पद्धतीने चालतो का?

व्हाइटफिश उत्तम चालतो. काटे बारीक आहेत पण नीट काढता येतात. हळद-मीठ-तिखट आणि कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तव्यावर परतला तर कोकणी माणूस तक्रार करणार नाही. फिनिश पद्धत म्हणजे मीठ आणि शेपू घालून रात्रभर मुरवायचा आणि राईच्या पावावर पातळ काप ठेवायचे. किंवा लाकडी फळीवर ठोकून जाळाच्या बाजूला उभा करून भाजायचा. दोन्ही करून पाहा.

ग्रेलिंगचं मांस मऊ आणि लवकर बिघडणारं. तो त्याच दिवशी, शक्यतो तळ्याकाठीच खावा. त्याला रेशाद मसाला किंवा आलं-लसणाचं जाड वाटण लावू नका. त्याची स्वतःची सौम्य चव आहे, ती मरते. मीठ, लोणी, मंद आच. पाठीच्या कण्याला चिकटलेली काळपट रक्ताची रेघ अंगठ्याने खरवडून काढा, नाहीतर कडवट लागतो.

१७. गावातले लोक जाळी लावतात, मग आम्ही का नाही?

कारण तो त्यांचा हक्क आहे. एनोन्तेकिओ, इनारी आणि उत्सयोकी या तीन ठिकाणच्या कायम रहिवाशांना तिथल्या सरकारी पाण्यात मासेमारीचा मोफत अधिकार आहे. हा सामी या इथल्या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख आहे आणि व्हाइटफिश हे त्यांच्या घरातलं रोजचं अन्न. ते हिवाळ्यातही बर्फाखाली जाळं लावतात: दोन भोकं पाडतात आणि बर्फाला खालून चिकटून सरकणाऱ्या लांब फळीने एका भोकातून दुसऱ्याकडे दोरी नेतात. पाण्यात जाळ्याचा बोया किंवा बर्फात रोवलेली काठी दिसली तर तिथून लांब व्हा. दोरीला हात लावू नका, ‘नुसतं बघायला’ सुद्धा नाही.

१८. डास किती असतात?

जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत खूप. डोक्याची जाळी घ्या, फवाऱ्यावर विसंबू नका. जुलैच्या शेवटी बारीक काळ्या माश्या येतात, त्या बाहीच्या कडेने आत शिरतात.

१९. मुक्काम कुठे? आणि रेनडियर आडवे आले तर?

तंबू कुठेही ठोकता येतो, माल्लासारखी राखीव क्षेत्रं सोडून. हाल्ती या डोंगराच्या वाटेवर मोफत झोपड्या आहेत, तिथे उशिरा आलेल्याला जागा करून द्यायची पद्धत आहे. झोपडीत मासे साफ करू नका आणि आतडी पिण्याच्या पाण्याच्या जागेजवळ टाकू नका. रेनडियर मोकाट दिसले तरी प्रत्येकाला मालक आहे. मेमध्ये माद्या विणतात तेव्हा कळपापासून लांबून जा आणि कुत्रा दोरीला ठेवा.

२०. तळ्यावरून थेट नॉर्वेत किंवा उत्सयोकीला जाणार आहोत. तेच सामान, तोच परवाना चालेल का?

परवाना नाही चालणार. इथे तिन्ही देशांच्या सीमा एकत्र येतात आणि पायवाटेवर सीमा ओलांडल्याचं कळतही नाही, पण नॉर्वे-स्वीडनचे परवाने आणि किमान लांबीचे नियम वेगळे आहेत.

सामानाचा प्रश्न त्याहून गंभीर. गायरोडॅक्टिलस सालारिस नावाचा, अर्ध्या मिलिमीटरचा परजीवी बाल्टिककडे वाहणाऱ्या नद्यांत असतो आणि तिथले सॅमन त्याला सरावलेले आहेत. आर्क्टिक महासागराला मिळणाऱ्या नद्यांतले सॅमन मात्र त्याने मरतात. किल्पिसयार्वीचं पाणी बाल्टिकला जातं, उत्सयोकीची तेनो नदी आर्क्टिकला. सीमेपलीकडच्या शीबुत्न नदीत तो शिरला तेव्हा ती स्वच्छ करायला एकाहून अधिक वेळा रोटेनोन हे विष सोडून नदीतले मासे मारावे लागले. म्हणून तेनो, न्याताम्यो यांसारख्या नद्यांकडे जाण्याआधी गळ, हातजाळं, बूट, वेडर्स (पाण्यात उभं राहायचे उंच जलरोधक बूट-पायजमे), होडी सगळं पूर्ण कोरडं केलेलं किंवा निर्जंतुक केलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. ओला बूट पिशवीत कोंबून दुसऱ्या दिवशी तिकडे उतरणं म्हणजे नेमकं तेच, ज्याची भीती आहे. तेनोच्या भागात निर्जंतुकीकरणाची ठिकाणं आहेत, तिथे सामान स्वच्छ करून पावती घ्या आणि ती जवळ ठेवा.